न उघडलेली कॅसेट

मल्लिनाथ संध्याकाळी कॉलेजातून घरी आला तेव्हा हळदीकुंकू आटोपलं होतं. हॉलभर सतरंजी पसरलेली, पायाखाली हलव्याचे दाणे कुरकुरत होते. त्याने सवयीने टीव्हीखालच्या फळीकडे नजर टाकली. फळी रिकामी होती. सकाळी पुसून ठेवलेली कॅसेट तिथे नव्हती.

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. टीव्ही गेमची, पिवळ्या प्लॅस्टिकची, तळहाताएवढी. मल्लिनाथ एका ज्युनियर कॉलेजात ग्रंथपाल होता, पण सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात त्याला सगळे ओळखायचे ते 'गेमवाले सर' म्हणून. घरात माणसं तीन आणि गेमची मशिनं तेवीस. कॅसेटी तीनशेच्या वर. हॉलमधल्या काचेच्या कपाटात देव्हाऱ्यापेक्षा जास्त दिवे लावलेले होते, आणि यावरून त्याच्या आईने, म्हणजे अव्वाने, एकदा दोन दिवस अबोला धरला होता.

दर रविवारी तो यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा. त्यात त्याची मतं असायची. मतं पुष्कळ होती आणि त्यातलं एकही मवाळ नव्हतं. सेगा कंपनीच्या मशिनचा आवाज राजेशाही, पण आपल्याकडचं व्होल्टेज त्याला सोसत नाही. पहिलं प्लेस्टेशन चांगलं, पण डिस्कवर एक चरा पडला की ती चहाचा कप ठेवायच्या लायकीची. आणि आजची मशिनं? आजच्या मशिनचं नाव काढलं की मल्लिनाथच्या डोक्यात तिडीक जायची. "विकत घ्यायची, मग रात्रभर डाउनलोड करायची, मग अपडेट करायची, आणि हातात काय? काही नाही! ज्या वस्तूला हात लावता येत नाही तिचा संग्रह कसला करायचा, डोंबलाचा?" हे तो इतक्या तावातावाने म्हणायचा की एकदा कॅमेऱ्याचा स्टँडच पडला होता.

त्याच्या लेखी मशिन एकच. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेलं, दोन रिमोटचं, साधं आठ बिटचं. आणि गेमही एकच, टँकची. चार विटांच्या भिंती, खाली मधोमध एक पक्षी, शत्रूच्या टँकपासून त्याला जपायचं. बस्स. त्यापुढे सगळं जग फुकट.

टँकची ही कॅसेट त्याची पहिली. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत घेऊन दिलेली. तिची कथा त्याने तीन वेगवेगळ्या व्हिडिओंत सांगितली होती आणि त्यातला एक चाळीस हजार लोकांनी पाहिला होता. कथा अशी: शहाण्णव साल, मंद्रूप गावातलं घर, मल्लिनाथ आठवीत. शेवटच्या फेरीत हरला म्हणून त्याने रागाच्या भरात कॅसेट मशिनमधून उपटली आणि शहाबादी फरशीवर आपटली. मग घालून पाहिली तर पडदा काळा. रडून रडून न जेवता झोपला. सकाळी उठून एक फुंकर मारली, मशिनमध्ये घातली, आणि गेम सुरू! "असा माल होता तो, मंडळी!" तो कॅमेऱ्यासमोर कॅसेट नाचवत म्हणायचा. "तीस वर्षं झाली. कधी उघडली नाही, कधी उघडणार नाही. कॅसेट उघडली की मेली. हे माझं ब्रीद आहे."

तर ती कॅसेट नव्हती.

"चंद्रिका!" तो ओरडला. "इथली कॅसेट कुठाय?"

बायको स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आली. तिने एकदा त्याच्याकडे आणि एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं. "अव्वांना विचारा," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली. चंद्रिका अशी पळ काढणारी बाई नव्हती, म्हणून मल्लिनाथ जास्तच घाबरला.

अव्वा कॉटवर बसून उरलेले तीळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "वाणात दिली," ती म्हणाली.

मल्लिनाथ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "वाणात? माझी कॅसेट? हळदीकुंकवाच्या वाणात?"

"मग काय करू? एकवीस वाट्या आणल्या होत्या. बाविसावी सवाष्ण आली. चंद्रिका खालीवर बघाया लागली. दारात आलेल्या बाईला रिकाम्या हातानं धाडू का? फळीवर ते पिवळं दिसलं, चांगलं चकचकीत. तुझ्याकडं तसली शंभर हायेत की."

"तीनशे आहेत! पण ती एकच होती!" मल्लिनाथचा आवाज चिरकला. मग तो कसाबसा सावरला. शेजारपाजारचंच कुणीतरी असणार. जाऊन दिलगिरी व्यक्त करू, दोन वाट्या देऊ, कॅसेट आणू. "कुणाला दिलीस?"

अव्वाचे हात तिळात थांबले. "भुवनेश्वरीला."

आता मात्र मल्लिनाथ मटकन कॉटवर बसला. भुवनेश्वरी म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, गुरुची बायको. गुरु जुळे सोलापुरातच राहत होता, दोन चौक पलीकडे, आणि सहा वर्षांत दोघे भाऊ एक शब्द बोलले नव्हते. मंद्रूपच्या घराचं छप्पर दुरुस्त करताना माळ्यावरचं एक पोतं गुरुने भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. त्या पोत्यात मल्लिनाथची दोन मशिनं, टीव्हीवर नेम धरायची एक खेळण्यातली बंदूक आणि अकरा कॅसेटी होत्या. त्या दिवशी मल्लिनाथ दहा माणसांत त्याला काय काय बोलला, ते आठवलं की चंद्रिका अजून कानावर हात ठेवायची. तेव्हापासून येणंजाणं बंद.

"ती आली? इथे? तिला बोलावलं कुणी?"

"मी," स्वयंपाकघरातून चंद्रिकाचा आवाज आला. "सणाला जावेला बोलवायचं नाही, असं कुठं लिहिलंय?"

"मग तूच जा आणि घेऊन ये."

"मी? वाण परत मागायला?" चंद्रिका दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला होता, की जणू नवऱ्याने तिला कुणाच्या ताटातली पोळी उचलून आणायला सांगितली होती. "अहो, सवाष्णीच्या ओटीत घातलेलं वाण परत मागतात का कुणी? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? तुम्हाला हवी तर तुम्ही जा. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

कुणी जाणार नव्हतं हे उघड होतं. मल्लिनाथ दहा मिनिटं हॉलमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. जावं तर गुरुच्या दारात उभं राहावं लागणार, तेही मागायला. न जावं तर ती कॅसेट त्या माणसाच्या घरात राहणार ज्याने आधीच अकरा भंगारात घातल्या होत्या. बारावी जायला कितीसा वेळ? त्याने स्कूटरची किल्ली उचलली.

गुरुचं घर वर आणि दुकान खाली होतं. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं. शटर अर्धं खाली होतं, आत दिवा होता. मल्लिनाथ वाकून आत शिरला आणि त्याने मान वर केली.

टेबलावर, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, त्याची कॅसेट उघडी पडली होती. पिवळ्या कवचाचे दोन तुकडे एका बाजूला, आतली सर्किटची हिरवी पट्टी दुसऱ्या बाजूला, आणि त्या पट्टीवर वाकलेला गुरु. तीस वर्षं जपलेली, रोज फडक्याने पुसलेली कॅसेट, एखाद्या फुटक्या मिक्सरसारखी!

गुरु दचकून उभा राहिला. त्याच्या हातातली डाग द्यायची सोल्डरची गन तशीच राहिली. "अण्णा? तू?"

"उघडलीस?" मल्लिनाथने विचारलं. "गुरु, तू ती उघडलीस?"

"उघडली की."

"तिला कधी कुणी उघडलं नव्हतं रे! तीस वर्षांत कुणी नाही! मारून टाकलीस तू तिला!"

गुरुने गन खाली ठेवली. त्याला राग आला नाही, हसूही आलं नाही.  तो हळू आवाजात म्हणाला, "कुणी न्हाई कसं? मीच उघडलीया. ही दुसरी खेप."

"काय?"

"हितं ये. बघ." गुरुने पट्टी उचलून दिव्याखाली धरली. हिरव्या पट्टीच्या एका कडेला तांबड्या वायरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा होता, दोन्ही टोकांना सोल्डरचे बेढब गोळे. "फरशीवर आपटलीस ती, आठवतंय का? हितनं पट्टीवरची तांब्याची रेघ तुटली होती. तू रडत झोपलास. मी ज्ञानबाच्या रेडिओच्या दुकानात गेलो, त्याच्याकडनं गन मागून घेतली आन ही वायर लावली. सहावीत होतो मी. डाग नीट बसंना. दोनदा हात भाजला. त्यो ज्ञानबा मागं उभा राहून शिव्या घालत होता."

 मल्लिनाथच्या डोळ्यांपुढे ती सकाळ उभी राहिली, तो स्वतः, फुंकर, उजळलेला पडदा, घरभर नाचणं. त्या सगळ्यात गुरु कुठे होता ते त्याला आठवेना. किती आठवायचा प्रयत्न केला तरी त्या चित्रात गुरु दिसेना. चाळीस हजार लोकांना ही गोष्ट सांगितली आणि आपल्यालाच ती माहीत नव्हती!

"मग सांगितलं का नाहीस?"

"कवा सांगू? सकाळी तू गल्लीभर सांगत सुटलास, आपटली तरी चालतीया म्हणून. अप्पाबी लई खूश झाले, चांगला माल आणला म्हणून. मग म्हटलं, राहू दे."

"आणि व्हिडिओ? माझे व्हिडिओ बघितले असशील तर..."

"बघतो की. सगळे बघतो."

"मग खाली लिहायचंस!"

"काय लिहू? अण्णा खोटं बोलतोय असं लिहू? तू कुटं खोटं बोलत होतास? तुला ठावूकच न्हवतं."

अशी कोंडी झाली की मल्लिनाथ भांडायचा. सहा वर्षं जपून ठेवलेलं भांडण त्याने बाहेर काढलं. "आणि ते पोतं? ते भंगारात घातलंस, तेही मला न सांगताच ना?"

"ते घातलंच मी," गुरु म्हणाला. "ओलं झालं होतं, उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. मला वाटलं, मेलंय सगळं. पर तुला विचाराया पायजे होतं. चुकलंच माझं."

 हे एवढंसं वाक्य ऐकायला सहा वर्षं लागावीत? मल्लिनाथने तर गुरुच्या प्रत्येक सबबीला उत्तर तयार ठेवलं होतं, आंघोळ करता करता, स्कूटर चालवता चालवता. सबब आलीच नाही. सगळी उत्तरं तशीच पडून राहिली.

जिन्यावरून भुवनेश्वरी खाली आली होती. दिराला पाहून तिने पदर सावरला. मल्लिनाथ तिच्याकडे न बघताच पुटपुटला, "चुकून आली ती तुझ्याकडे. मी घेऊन जातो."

"वाण हाय ते, भावजी," भुवनेश्वरी नरमाईने म्हणाली, पण हलली नाही. "परत न्हाई देता येत."

"आन नेऊन तरी काय करणार?" गुरु म्हणाला. "ही चालत न्हाई."

"चालत नाही कशी? आता उघडलीस म्हणून..."

"उघडायच्या आधी लावून बघितली. भुवनेश्वरी म्हणाली, अव्वांनी दिलीया, लावून बघू. मशिन एका गिऱ्हाइकाचं होतं, त्यात घातली, तर पडदा काळा. म्हणून उघडली. माझाच जुना डाग सुटलाय बघ, हिरवा पडलाय पार. तीन-चार वर्षं तरी झाली असतील ही बंद पडून." गुरुने मान वर केली. "तू शेवटची कवा लावली होतीस?"

 गेल्याच रविवारी मल्लिनाथ कॅमेऱ्यासमोर म्हणाला होता, आजही एका फुंकरीत चालू होते, मंडळी. म्हणताना छाती फुगली होती. आणि ती त्या फळीवर, रोज पुसली जात असताना, केव्हाची बंद पडलेली होती. त्याला कळलंही नव्हतं. तो आठवू लागला. यंदा नाही. गेल्या वर्षी नाही. कोरोनाच्या आधी... हां, पोत्याच्या भानगडीआधीच्या दिवाळीत. मंद्रूपला. गुरु हिरवा टँक घेऊन खालची भिंत सांभाळत होता आणि मल्लिनाथ पिवळा टँक घेऊन वर घुसला होता.

"सहा वर्षं," तो म्हणाला.

"सहा वर्षं लावली न्हाईस? आन आवडती म्हणून सांगतोस जगाला?" गुरुच्या आवाजात आता खरोखरच राग होता. "मला वाटायचं, तुला माणसं नसली तरी चालतंय, मशिनं पायजेत. आन तू मशिनबी लावत न्हाईस?"

"मग कशी लावू?" मल्लिनाथ ओरडला, आणि आपल्याच आवाजाने दचकला. हे आपण म्हणणार आहोत हे त्याला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं. "दोघांची गेम हाय ती, गुरु. एकट्यानं लावली की खालची भिंत पडते. दुसरा रिमोट कुणाच्या हातात देऊ मी?"

 गुरु त्याच्याकडे बघत राहिला, जसा काही हा माणूस त्याने आजच पहिल्यांदा पाहिला होता. मल्लिनाथचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं कसं हे त्याला सुचत नव्हतं.

मग गुरुने पायाने दुसरं स्टूल ओढलं, भावापुढे सरकवलं आणि गनचं बटण दाबलं.