दोन डावे सात

क्रेन चार वाजता यायची होती. साडेतीनला इंजिनीअरबाईंसमोर दोन दगड पडले होते आणि दोन्हींवर एकच खूण होती: डावा सात.

तटाची ही जुनी वेस दुरुस्तीसाठी दगड न् दगड उतरवली होती. अर्ध्या खुणा बाईंनी घातल्या, मग त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. उरलेल्या खुणा मिस्त्रींनी घातल्या. साचा एकच, रंग एकच. आता याच दोन दगडांच्या खोबणीत वेशीची दोन्ही कवाडं फिरणार होती. अदलाबदल झाली, तर एकदा वर कमान चढल्यावर हात चोळत बसायचं.

"मिस्त्रीकाका, तुमचा डावा कुठला हो?"

"डावा तो डावा. त्यात तुमचा-माझा कसला, बाई?"

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "अगं, बाळाच्या कुठल्या कानात थेंब घालायचे?"

"डाव्या."

"माझ्या की त्याच्या? माझ्याकडे तोंड करून बसलाय तो."

बाईंचं डोकंच गरगरलं. सकाळी कान बघताना लेकरू मांडीवर होतं की आरशासमोर, काही केल्या आठवेना. फोन कानालाच धरून त्यांनी विचारलं, "काका, खुणा घालताना तुम्ही उभे कुठे होतात?"

"आतल्या अंगाला, सावलीत. तुम्ही?"

"बाहेर."

मिस्त्रींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग यातला माझा कुठला?"

"राहू दे," फोनवर सासूबाई म्हणाल्या, "हात लावून बघते. दुखेल तिकडे रडेल."

पलीकडे बाळ कळवळून रडलं. बाईंनी फोन बाजूला ठेवला. त्या तशाच गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही खोबणींत हात घातला. एक खरखरीत. दुसरी घासून घासून वाटीसारखी गुळगुळीत.

"काका, रोज एकच कवाड उघडत असणार. दुसरं फक्त गाड्यांपुरतं."

"आणि रोज उघडणार कोण? पहारेकरी."

त्याची बसायची देवडी भिंतीत जागच्या जागी होती. तिला कुणी हातच लावला नव्हता. बाईंनी गुळगुळीत दगडावरचं 'डावा' पुसलं आणि लिहिलं, 'देवडीकडचा'.

"नक्की ना?"

"माझ्या हाताला तरी तसंच वाटतंय."

क्रेन फाटकाशी आली. बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. "आई, कुठला निघाला?"

"खिडकीकडचा," सासूबाई म्हणाल्या. "घातले थेंब. आता कूस बदलून झोपलाय, पुन्हा विचारू नकोस."