शुक्रवारी माझ्यावर बसणारा माणूस

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. चित्रपटगृहातली, मधल्या रांगेतली, अगदी कडेची. सगळं आयुष्य पडद्याकडे तोंड करून काढलं, पण आजवर एकही चित्रपट मला दिसलेला नाही. दिवे गेले की कोणीतरी येऊन माझ्यावर बसतं, आणि ते उठतं तेव्हा पडद्यावर नुसती नावं सरकत असतात. त्यामुळे कुठल्या चित्रपटाची वेशभूषा कोणी केली हे मी सांगू शकते. कोणी कोणाला का मारलं, ते मात्र विचारू नका.

माझा जन्म एका सुताराच्या हातचा. लाकडी हात, लोखंडी पाय, पोटात स्प्रिंगा आणि वरून लाल रेक्झिन. मला इथे आणून जमिनीत बोल्टने आवळलं, तेव्हापासून मी हलले नाही. सुरुवातीला माझा फार मान होता. कडेची जागा म्हणजे पाय पसरता येतात, आणि चित्रपट रडका निघाला तर निमूट पळताही येतं. एकदा एका काकांनी माझ्यावर रुमाल टाकून जागा धरली. दुसऱ्या काकांनी त्या रुमालाला नाक पुसलं आणि माझ्यावर बसून घेतलं. त्यावरून जी मारामारी झाली ती पडद्यावरच्या मारामारीपेक्षा चांगली होती, असं तेव्हा लोक म्हणाले.

मग दिवस फिरले. कोणी ब्लेडने माझं रेक्झिन फाडलं, कोणी त्यावर चिकटपट्टी लावली. माझ्या पोटाखाली च्युइंगमचे इतके थर साचले की एखाद्या उत्खननवाल्याने आनंदाने नोकरी सोडून इथे मुक्काम ठोकावा. एक स्प्रिंग सैल झाली, आणि तेव्हापासून माझ्यावरचा माणूस हलला की मी कुरकुरते. कंटाळलेला माणूस हलतो, रमलेला हलत नाही. माझं चित्रपटशास्त्र एवढंच.

अशा पडत्या काळात मला कवळीवाला भेटला.

हा माणूस कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात आणि हा त्यावर दात बसवून, घासून, चकचकीत करून परत पाठवतो. त्याच्या पँटीला नेहमी प्लास्टरची पांढरी भुकटी असते. आठवडाभर दुसऱ्यांचे दात करायचे आणि शुक्रवारी स्वतःचे दाखवायचे, हा त्याचा क्रम. नवीन चित्रपटाचा पहिला खेळ तो माझ्यावर बसून बघतो, आणि हॉल रिकामा झाला की तिथेच बसून फोनमध्ये आपलं मत बोलतो. बाहेर रिक्षांचे भोंगे असतात, आत शांत असतं, म्हणून मालकाने त्याला तेवढी मोकळीक दिली आहे. ते मत तिथल्या तिथे लोकांपर्यंत जातं, आणि लोक म्हणजे अर्धं शहर.

त्याची मतं मी सगळ्यांच्या आधी ऐकते. मागे एक युद्धपट आला होता. हा म्हणाला, "शेवटच्या स्फोटानंतरही नायकाच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. सगळे गुण इस्त्रीवाल्याला." नंतर एक भयपट आला. "भूत मनापासून काम करतं. बाकीचे हजेरी लावून गेले आहेत." मग एका गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग. "पहिल्या भागात मेलेला माणूस या भागात जिवंत होतो. प्रेक्षकांचं उलट झालं." परवाच्या प्रेमपटाबद्दल तर एकच वाक्य बोलला, "शेवटी दोघं एकत्र येतात, कारण हॉल रिकामा करायची वेळ झालेली असते."

असं वाक्य सुचलं की तो अंधारात माझ्या हातावर नखाने टकटक करतो. वाईट चित्रपटात मी कुरकुरते आणि तो टकटक करतो, असा आमचा दोघांचा ताल जमतो. चांगल्या चित्रपटात दोघंही गप्प. अलीकडे आम्ही गप्प कमीच असायचो.

आता त्या शुक्रवारचं सांगते.

तो आला तेव्हाच मला काहीतरी वेगळं जाणवलं. एरवी तो धपकन बसतो, त्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर बसावं तसा बसला. मालक मागोमाग आला आणि रांगेच्या तोंडाशी उभा राहिला.

"काय कवळीवाले, आज लवकर?"

"हो."

"हा छोटा सिनेमा आहे, मी तुमच्या भरवशावर लावलाय. तुम्ही बरा म्हणालात तर आठवडाभर ठेवतो. वाईट म्हणालात तर दुपारच्या खेळालाच उतरवतो, तो गाड्या उडवणारा तयारच आहे. आणि आपल्या गावात उतरला की इतर ठिकाणचे लोकही उतरवतात. मेंढरं आहेत सगळी, माझ्यासकट."

"बघून सांगतो."

"दिग्दर्शिका कोणीतरी नवीन बाई आहेत. ओळखता?"

कवळीवाल्याने पाय आवळले. मी कुरकुरले.

"नाही," तो म्हणाला.

मित्रांनो, ती त्याची सख्खी धाकटी बहीण होती. आई गेल्यापासून दोघांचं बोलणं तुटल्यात जमा होतं. हे मला कसं कळलं ते सांगते. मध्यंतरात ती स्वतःच आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"दादा."

"ठमे, तू इथे कशाला? कोणी बघितलं तर?"

"बघितलं तर काय? मी फरार आहे का?"

"मला मत द्यायचंय. भावाने बहिणीच्या सिनेमाला डोक्यावर घेतलं म्हणतील. माझी एवढ्या वर्षांची पत जाईल."

"अजून घेतलं आहेस कुठे डोक्यावर? पहिल्या भागात नुसता चुळबुळत होतास. मी मागून बघत होते."

हे खरं होतं. तो चित्रपट एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईचा होता. पहिल्या भागात ती जिने चढली, जिने उतरली, नटांवर पाने फिरवले, आणि पुन्हा जिने चढली. मी सारखी वाजत होते आणि त्याचं नख माझ्या हातावर पाऊस पाडत होतं. त्याच्या डोक्यात वाक्यांची चांगली बेगमी झालेली होती.

दिवे गेले. ठमी उठली नाही. दोघं शेजारी बसले, पण मधल्या सामाईक हातावर कोणीच कोपर ठेवलं नाही.

दुसऱ्या भागात काय झालं ते मी फक्त ऐकलं. ती बाई आणि तिची म्हातारी आई लिफ्टमध्ये अडकतात. दुरुस्त करणारीच आत, त्यामुळे बाहेर कोणाला काही करता येत नाही. बोलण्यावाचून इलाज नसतो. मुलगी विचारते, "आई, तू हसताना तोंडावर हात का धरतेस गं?" आई म्हणते, "कवळी टोचते. हसले की सुटते."

"मग दुसरी करून घे."

"पोराने केलीये. पहिलीवहिली. त्याला कसं सांगू?"

कवळीवाला हलायचा थांबला. त्याचं नख माझ्या हातावर टेकलं आणि तिथेच राहिलं. मग सगळी बोटं आली, आणि त्याने माझा हात असा काही धरला की माझ्या लाकडाची जुनी भेग मला जाणवली. चित्रपट संपेपर्यंत मी एकदाही वाजले नाही.

नावं सरकली, दिवे आले, माणसं गेली. मालक दारात उभा राहून घड्याळाकडे बघू लागला.

"कवळीवाले, आटपा. पोस्टर कोणतं चढवू?"

त्याने फोन वर धरला. ठमी शेजारीच बसून होती, मांडीवर हात ठेवून. त्याने घसा साफ केला आणि सुरू केलं.

"नमस्कार मंडळी. आजचा चित्रपट लिफ्टबद्दल आहे, आणि लिफ्टसारखाच अडकतो. नायिका इतके जिने चढते की तिकिटाबरोबर गुडघ्याचं तेल द्यावं. दुसऱ्या भागात घरगुती रडारड..."

मी कुरकुरले. मित्रांनो, मी मुद्दाम केलं असं समजू नका. लाकूडलोखंडाला मुद्दाम काही करता येत नाही. तो हलला म्हणून मी वाजले.

"छे, आवाज आला," तो म्हणाला. पुन्हा सुरू केलं. जिने झाले, गुडघे झाले, 'घरगुती'पाशी आला आणि मी पुन्हा वाजले. तिसऱ्यांदाही तेच.

"ही भिकार खुर्ची," तो म्हणाला.

"खुर्चीला काय झालंय?" ठमी म्हणाली. "मघाशी तासभर गप्प होती की."

त्याने फोन खाली घेतला.

"मी सिनेमा बघतच नव्हते, दादा. पाठ आहे मला तो. मी तुला बघत होते. तुला आवडला नसेल तर खुशाल सांग, मी रडत घरी नाही जाणार. पण हे तू मला झोडतोयस ना, ते सिनेमासाठी नाही. लोकांनी तुला प्रामाणिक म्हणावं म्हणून खोटं बोलतोयस."

"आणि तू? घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस ते?"

"तुझं नाव कुठे घेतलंय त्यात?"

"नाव कशाला हवं? मी बघितलं ना." तो तिच्याकडे वळला. "खरंच टोचायची?"

"हं."

"मला का नाही सांगितलं तिने? मी दर रविवारी विचारायचो."

"विचारायचास म्हणूनच. 'बसतेय ना गं नीट?' करून तोंडासमोर तोंड आणून उभा राहायचास. कोण नाही म्हणेल तुला?"

"तू सांगायचंस मग."

"सांगितलं ना आत्ता," ठमी म्हणाली. "मला समोरासमोर जमलं नाही. म्हणून एवढं सगळं करावं लागलं, कॅमेरे, लिफ्ट, कर्मचारी. लोक फोन करून सांगतात."

तो हसला की काय मला कळलं नाही. माझ्या पाठीला एक हिसका बसला, एवढंच. दारातून मालक म्हणाला, "अहो, घरगुती भांडण असेल तर बाहेर करा, मला खेळ लावायचाय." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण तो पुढे म्हणाला, "घरगुती?"

"बहीण आहे माझी," कवळीवाला म्हणाला.

"मघाशी तर नाही म्हणालात."

"मघाशी खोटं बोललो."

मालकाने घड्याळाकडे बघितलं, मग ठमीकडे. "म्हणजे आता तुम्ही बरा म्हणालात तरी पंचाईत, आणि वाईट म्हणालात तरी."

"हो," कवळीवाला म्हणाला आणि फोन वर धरला. या वेळी बहिणीकडे त्याने बघितलं नाही.

"नमस्कार मंडळी. हा चित्रपट माझ्या बहिणीने काढलाय. ज्यांना इथेच ऐकणं बंद करायचंय त्यांनी करावं, मी असतो तर केलं असतं. पहिला भाग लांबलाय. जिने फार आहेत. मी कंटाळलो, चुळबुळलो, तुमच्यासाठी चार चांगली वाक्यं काढून ठेवली होती, ती आता वाया गेली. दुसऱ्या भागात मी कुठे बसलोय ते विसरलो. त्यात एक आई आहे. तिच्याबद्दल मी काही सांगणार नाही, कारण सांगितलं तर तुम्ही माझ्या डोळ्यांनी बघाल. झालं एवढंच."

मी वाजले नाही. त्याने बटण दाबलं आणि मत गेलं.

मालक हवालदिल होऊन उभा होता. "असं कसं? आधी लांबलाय म्हणता, मग विसरलो म्हणता. चांगला की वाईट? पोस्टरवाला शिडीवर उभाय."

"लावा," कवळीवाला म्हणाला.

मालकाने मान हलवली, पण गाड्यांचं पोस्टर गुंडाळायला सांगितलं. म्हणाला, "आजच्यापुरता. उद्याचं उद्या."

लोकांची उत्तरं फोनवर येऊ लागली होती. ठमीने वाचून दाखवली. "'भावाचं प्रेम उतू गेलं.' 'कवळी सुटली वाटतं.' 'आता आत्याचा सिनेमा कधी?'" तिने वर बघितलं. "बरीच मंडळी सोडून चाललीयेत तुला."

"जाऊ दे."

"जिने खरंच फार आहेत का रे?"

"फार म्हणजे काय, मलाच धाप लागली."

"पुढच्या वेळी लिफ्ट चालू ठेवते," ती म्हणाली, आणि मधल्या सामाईक हातावर कोपर टेकवून तिथेच बसून राहिली.

दुपारच्या खेळाला फार माणसं आली नाहीत. जी आली ती पहिल्या भागात हललीही. माझ्यावर पुन्हा कवळीवालाच बसला होता. पहिल्या भागात त्याने नख उचललं नाही, नुसता वाट बघत होता. लिफ्ट बंद पडली, म्हातारी बोलली, आणि सबंध हॉलमध्ये एकही खुर्ची वाजेनाशी झाली. माझ्या सैल स्प्रिंगांच्या बहिणी, ओळीच्या ओळी, सगळ्या चिडीचूप. मालक दारातून आत डोकावला होता. तो आत येऊन बसलाही नाही आणि बाहेरही गेला नाही.

खेळ संपल्यावर मालक पोस्टरवाल्याला म्हणाला, "शिडी ठेवून दे. आठवडाभर ती लागणार नाही."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. च्युइंगम कागदात गुंडाळा, ब्लेड घरी ठेवा. चित्रपट आवडला नाही तर खुशाल नाही म्हणा, कोणाचीही बहीण असली तरी. फक्त शेवटी उठताना माझी बैठक हाताने धरून हळू मिटा. धाडकन सोडलंत तर मी बंदुकीसारखी वाजते, आणि तुमच्या मागच्या रांगेत कोणीतरी, तोंडावर हात धरून, अजून ऐकत असतं.