चुलीशी बसवायची पोर

परीक्षेला लावलेली ती कादंबरी मी अख्खी ऐकली आहे. वाचली नाही, ऐकली. माझी लेक सोमादिना मोठ्यानं वाचल्याशिवाय अभ्यास करायची नाही, आणि मी कसाव्याच्या कंदाचा कीस भाजायला बसले की मला दुपारभर उठायची सोय नसते. हात थांबला की कीस खाली लागतो. मग ऐकण्यावाचून करते काय?

पुस्तक आपल्याच इग्बो बाईनं लिहिलेलं, पण इंग्रजीत. सोमादिना एक पान वाचायची आणि मला घरच्या भाषेत सांगायची. नदीकाठचं गाव, मिशनची शाळा, शहराकडे जाणारी नवी सडक, आणि अकुबे नावाची एक पोर. अकुबेचा बाप मुलाविना मेला. भाऊबंद म्हणतात, हिला चुलीशी बसवा.

"बसवणं म्हणजे काय, ते बाईंनी आज वर्गात समजावून सांगितलं," सोमादिना म्हणाली. "लांबून आलेल्या मुलींना ठाऊक नसतं ना."

"काय समजावलं तुझ्या बाईंनी?"

"घरात मुलगा नसला तर एका मुलीचं लग्न करायचं नाही. ती बापाच्या घरातच राहते. मुलं होतात, कोणापासून ते कोणी विचारत नाही. मुलं तिच्या बापाच्या नावावर. म्हणजे घराचं दार बंद होत नाही."

घडाघडा बोलली, पाठ केलेलं होतं ना. मी कीस परतत राहिले. माझा नवरा ओक्वुदिली मागच्या कापणीला गेला, आणि आम्हाला ही एकुलती एक. ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं, की आलं होतं आणि माझ्यापासून लपवत होती, देव जाणे. मी विचारलं नाही.

विचारायची वेळ भाऊबंदांनीच आणली. एका रविवारी चर्चमधून परस्पर आले, अंगावर कडक इस्त्रीचे झगे. पुढं माझा दीर अनायो. मी मानाचं कोलाचं फळ ठेवलं, ताडी ठेवली. म्हाताऱ्या चुलत-सासऱ्यांनी ते फोडलं, पूर्वजांना हाका मारल्या, येशूलाही एक मारली, आणि मग अनायो घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, पोरगी हुशार आहे. आम्ही कुठं नाही म्हणतोय? परीक्षा देऊ दे तिला. परीक्षा झाली की येणाऱ्या बाजाराच्या दिवशी बोकड कापू आणि तिला दादाच्या चुलीशी बसवू."

"आणि कॉलेज?"

"मुलं झाल्यावर काय कॉलेज पळून जातंय? आम्हाला काही घाई नाही."

"घाई नाही तर बोकड आत्तापासून कशाला बांधून ठेवलाय, भाऊजी? काल तुमच्या अंगणात ओरडत होता."

म्हातारे हसले. एकजण म्हणाला, "आपली सून मिरचीच्या वाफ्यात जन्मली!" अनायो मात्र हसला नाही.

"नाही म्हणायचं असेल तर म्हणा," तो म्हणाला. "पोरीला लग्न करून धाडा, कॉलेजात धाडा, चंद्रावर धाडा. मग दादाचं दार बंद. बंद दारामागची जमीन भावाची, ही रीत मी नाही काढलेली. तुम्ही आपलं माहेर गाठा."

माहेर! माझ्या माहेरी भाऊ नाही उरला, भावजय उरली. ती मला कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा निजू देणार नाही. आणि नवऱ्याला मी याच अंगणात, आंब्याच्या शेजारी पुरलंय. इकडे आड नि तिकडे विहीर, आणि मध्ये माझी पोर हातात पुस्तक धरून उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "आई, अकुबेच्या घरी पण रविवारीच आले होते." आणि हसायला लागली. हसता हसता एवढी रडली की मला तिचं डोकं मांडीवर धरून बसावं लागलं.

त्यानंतर ती अभ्यासाला झपाटल्यासारखी बसली. तेच पुस्तक, तीच पानं. परंपरा आणि आधुनिक जीवन यांतील संघर्ष, सोदाहरण चर्चा करा. चर्चा करा म्हणे! मी एकदा तिच्या चिनेलो बाईंना गाठलं. बाई चांगल्या, भल्या मनाच्या. शाळेच्या व्हरांड्यात मला खुर्ची दिली.

"बाई, ती पुस्तकातली पोर शेवटी सुटते का?" मी विचारलं.

"सोमादिनाची आई, शेवट तेवढा महत्त्वाचा नसतो. परंपरा वाईट आणि नवं ते चांगलं, असं मुलींनी लिहू नये, एवढंच मी सांगते. दोन्ही बाजू मांडायच्या."

"मला एकच बाजू आहे. तिचं नाव सोमादिना."

बाई ओशाळल्या. त्यांनाही आमच्या घरचं कळलं होतं, गावात काय लपतंय? पण त्या पगारी बाई, दुसऱ्या गावच्या. भाऊबंदांपुढं त्या काय बोलणार? ज्याचं जळतं त्याला कळतं. मी खुर्चीवरून उठले आणि घरी येऊन पुन्हा कढईपुढं बसले.

रात्र रात्र झोप नाही. पोरीला घेऊन पळावं, तर कुठं? विष घ्यावं, तर पोर त्यांच्या हातात आणखीच अलगद सापडेल. अनायोच्या पाया पडावं? तेही केलं मी. चुलत-सासऱ्याच्याही पडले. त्यांनी मला हात धरून उठवलं, "असं नाही करायचं, सूनबाई," म्हणाले, आणि वर मला यामचे कंद दिले. काय करायचेत मेले याम!

मग एका दुपारी सोमादिना वाचत होती आणि मी परतत होते. तिनं वाचली ती ओळ अशी: अकुबेच्या आईनं मेलेल्या नवऱ्याच्या नावानं पलीकडच्या गावातली एक मुलगी बायको म्हणून आणली, तेव्हा भाऊबंदांची तोंडं बंद झाली आणि अकुबेनं पहाटेची लॉरी पकडली. झालं. पुढं चार पानं नुसती लॉरी, सडक आणि शहराचे दिवे.

माझा हात थांबला.

"परत वाच."

"आई, कीस करपतोय!"

"करपू दे. परत वाच."

तिनं वाचलं. वर सांगितलं, "बाई म्हणतात, अख्ख्या पुस्तकातली ही सगळ्यात हुशार चाल. रिवाजाला रिवाजानंच हरवलं. परीक्षेत यावरच प्रश्न येईल."

हा रिवाज मला ठाऊक नव्हता असं नाही. माझ्या आजोळी एका म्हातारीनं केला होता. मुलगा नसलेल्या विधवेनं दुसरी बाई करून आणायची. मागणी तिनंच घालायची, ताडी तिनंच न्यायची, रीतीनं नवरा तीच. त्या बाईला होतील ती मुलं मेलेल्या धन्याची. पण आमच्या गावात कित्येक वर्षांत कोणी केला नव्हता, आणि माणूस घाबरलं की त्याला दारातलं दिसत नाही. मला त्या पुस्तकानं दाखवलं. करपलेल्या किसाचा धूर घरभर झाला होता आणि मी चुलीपुढं बसून हसत होते. पोरीला वाटलं, आईचं डोकं फिरलं.

सोमादिनाला मी एक अक्षर सांगितलं नाही. परीक्षा तोंडावर आलेली. नदीपलीकडं उझोमा नावाची मुलगी होती, सोमादिनापेक्षा थोडी मोठी, विशीची. बाप अंथरुणाला खिळलेला, पाठची भावंडं ढीगभर. मी मागणी घातली. बापानं भिंतीकडं तोंड फिरवलं, आईनं होकार दिला. उझोमानं मला एवढंच विचारलं, "मला शिवण शिकायचंय. शिकू द्याल?"

"देईन की," मी म्हटलं. त्या घटकेला मी तिला राणी करीन असंसुद्धा म्हटलं असतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. पोरगी निळा फ्रॉक घालून, पेन्सिलींना टोकं करून गेली. तिची पाठ वळताच मी उझोमाला घरी आणलं आणि भाऊबंदांना बोलावलं. ताडी ओतली. उझोमानं सगळ्यांदेखत प्याल्यातली घोटभर घेतली, गुडघे टेकले आणि प्याला मला दिला. मी प्यायले. तिनं मला "धनी" म्हटलं. अनायोचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण काय बोलणार? रीत ती रीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! चुलत-सासरे मांडीवर थाप मारून म्हणाले, "आता पोरीला मोकळी करा. ओक्वुदिलीच्या घरात बायको आली." मला वाटलं, आकाश ठेंगणं झालं.

सोमादिना आली ती पळतच. अंगणातूनच ओरडली, "आई! तोच आला! तोच प्रश्न! अकुबेच्या आईची चाल!" आणि आत पाऊल टाकून थबकली. उझोमा माझ्या मोरीपाशी भांडी घासत होती. अंगावर नवं लुगडं, मीच दिलेलं.

"ही कोण?"

मी सांगितलं. आनंदानं सांगितलं, काय लपवायचं आता? म्हटलं, "सुटलीस तू. कॉलेजला जा, शहरात जा, कुठंही जा. बोकड परत गेला."

ती उझोमाकडं बघत राहिली. मग खालीच बसली.

"आई, मी आज काय लिहून आले, माहितेय तुला? आईच्या चातुर्यामुळं परंपरेचा पराभव होतो आणि कोणाचंही नुकसान होत नाही. असं लिहिलं मी. कोणाचंही नुकसान होत नाही! सुंदर अक्षरात लिहिलंय. त्याला मला पैकीच्या पैकी पडतील."

"पडू देत. चांगलं आहे."

"पाठव तिला परत. मी बसते चुलीशी."

मी तिच्या मुस्काटात दिली. आयुष्यात पहिल्यांदा. "बसतेस? तुझ्यासाठी मी त्यांच्या पायांवर लोळले! आणि पाठवू कुठं हिला? ताडी सगळ्यांनी प्यायली आहे. परत गेली तर टाकलेली म्हणून गावभर हिंडेल. कोण करील तिला?"

"मग तिचंही वाटोळं आणि—"

"ताई," उझोमा मोरीतून म्हणाली. हात राखेनं भरलेले. "तुम्ही बसलात तर मी कुठं जाऊ? घरी माझ्या वाटचं अन्न आता धाकटी खातेय. जा तुम्ही. उगाच तमाशा कशाला?"

सोमादिना उठून आत गेली. निकाल लागला, वाङ्मयात ती जिल्ह्यात पहिली आली. चिनेलो बाई केक घेऊन आल्या आणि उझोमाला बघून लवकरच निघून गेल्या. सोमादिना शहरात कॉलेजला गेली. तिकडून चिठ्ठी येते, माझ्यासाठी नसते. "उझोमा कशी आहे?" एवढंच असतं त्यात. मी मनाशी म्हणते, असू दे. रागावलेली का होईना, सुटलेली तर आहे. आईनं आणखी काय करायचं असतं? मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण आधी माझ्या जागी उभं राहून दाखवा.

शिवणाचं यंत्र मी उझोमाला काही घेऊन दिलं नाही. आधी पेरणी निघाली, मग तिला दिवस गेले. कोणापासून ते आमच्याकडं विचारत नाहीत, मीही विचारलं नाही. संध्याकाळी अंगणात ती कोणाशी बोलायची, तेव्हा मी घरात दार लोटून बसायची. एकदा दाराआडून तिचं रडणं ऐकू आलं. मी कढई घासत राहिले, जोरजोरात.

काल ती बाळंत झाली. भलते हाल झाले पोरीचे. सकाळी कळा सुरू झाल्या त्या दिवस कलेपर्यंत. दाईसुद्धा घाबरली होती. मी तिचं डोकं धरून बसले होते आणि देवाला म्हणत होते, मुलगा दे, एकच मुलगा दे, म्हणजे ही सुटेल, मी सुटेन, सगळेच सुटतील. ती माझं मनगट धरून ओरडत होती, "धनी, धनी." अंगणात अनायो आणि म्हातारे ताडी घेऊन वाट बघत बसलेले.

पोर रडलं. दाईनं उचलून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

"काय झालं, वहिनी?" अनायोनं बाहेरून विचारलं.

"मुलगी."

बाहेर कोणीतरी प्याला खाली ठेवला. मग अनायोच मोठ्यानं हसला. "असू दे, असू दे! पुढच्या खेपेला होईल मुलगा. आणि नाहीच झाला, तर ही आहेच की! हिलाच बसवू चुलीशी. दादाचं दार काही बंद होत नाही!" म्हाताऱ्यांनी होकार भरला, प्याले भरले, कोणीतरी गाणं धरलं.

उझोमानं सगळं ऐकलं. पोर तिच्या छातीशी होतं, अजून नाळेचं रक्त पुसलेलं नव्हतं. तिनं बोटानं त्याचे डोळे पुसले. मग मान वळवून मला म्हणाली, "धनी, सोमादिनाला सोडवायला तुम्ही मला आणलंत. हिला सोडवायला मी कोणाची मुलगी आणू?"

दाई खाली मान घालून फडकी पिळत राहिली.