एकही हरकत आली नाही

आयुष्यात त्यांना वाचकाचं म्हणून एकच पत्र आलं, आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

जिल्हा कार्यालयाचं चार पानी मासिक पत्रक ते एकतीस वर्षं काढत होते. ते घरोघर फुकट जायचं. कचऱ्याची गाडी कोणत्या वारी कोणत्या गल्लीत येणार, टाकी धुण्यासाठी पाणी कधी बंद राहणार, लस कुठल्या शाळेत टोचणार, फिरतं वाचनालय कुठल्या चौकात किती वाजता उभं राहणार, हे सगळं त्यात असायचं. कार्यालयात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, सगळे पत्रककाका म्हणत. हे पत्रक कुणी वाचतं यावर त्यांचा स्वतःचाही फारसा विश्वास नव्हता. खिडकीच्या काचा पुसायला तो कागद फार चांगला, असं एकदा शिपाई त्यांच्या देखत म्हणाला होता. काकांनी मान डोलावली होती, कारण घरी त्यांची बहीणही त्यानंच काचा पुसायची.

आणि मग ते पत्र आलं. पाकिटावर 'संपादक' असं लिहिलेलं, कोपऱ्यात आवक विभागाचा चौदा तारखेचा शिक्का.

'तुम्ही लिहिता ते मला पहिल्या वाचनात कळतं,' असं त्यात होतं. 'सरकारी कागदाचं तसं कधी होत नाही. माझे यजमान दोन वर्षांपासून खाणीपलीकडच्या शुश्रूषागृहात आहेत. दर बुधवारी भेटीच्या वेळी मी त्यांना तुमचं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवते. बाकीचं बोललेलं त्यांना आता फारसं समजत नाही, पण कचऱ्याच्या गाडीचे वार ऐकताना ते मान हलवतात. बाहेर सगळं ठीक चाललंय, असं त्यांना वाटत असावं.'

त्याखाली शेवटचा परिच्छेद होता. 'ताज्या अंकात वाचलं, की खाण-रस्त्याची बुधवारची बस बंद करायचा विचार आहे. माझी त्याला हरकत आहे. तिकडे जायला दुसरी बस नाही. कृपया नोंद घ्यावी.' सही, आणि सहीखाली, 'शिवणकाम करते.'

काकांनी पहिली ओळ किती वेळा वाचली, याला गणती नाही. त्या संध्याकाळी त्यांनी एकतीस वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. ते पत्र, म्हणजे कार्यालयाचा कागद, पिशवीत घालून घरी नेलं. अशा पत्राला छापील पोच पाठवून चालणार नव्हतं, नीट उत्तर लिहायला हवं होतं. पहिला मसुदा फार कोरडा झाला. दुसरा इतका गोड, की स्वतःच वाचून ते लाजले. तिसऱ्यात 'आपला' लिहावं की 'आपला विश्वासू', इथेच अडलं. चांगलं लिहितो म्हणून जिनं आपल्याला नावाजलं, तिला वाईट पत्र कसं पाठवायचं? असे सात मसुदे झाले.

शेवटचा परिच्छेद त्यांनी वाचला नव्हता, असं नाही. पण हरकती घ्यायच्या त्या वाहतूक विभागानं, दुसऱ्या मजल्यावर. बाईंनी तिकडेही कळवलं असेलच, असं ते धरून चालले. मुदत वीस तारखेपर्यंत होती. वीस तारीख आली आणि गेली.

पुढच्या अंकासाठी दुसऱ्या मजल्यावरून मजकूर आला, तो असा: 'विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त न झाल्याने खाण-रस्त्यावरील बुधवारची फेरी एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे.' वाक्य बोजड होतं. काकांनी सवयीनं त्याची दोन वाक्यं केली. 'एकही हरकत आली नाही. म्हणून खाण-रस्त्याची बुधवारची बस एक तारखेपासून बंद.' पहिल्या वाचनात कळेल असं.

अंक छापून आल्यावर ते त्यांनी स्वतःच वाचलं, आणि मग त्यांना कळलं.

काळजात धस्स व्हायला हवं होतं, पण झालं नाही. खूप वेळ एकाच अंगावर बसलं की पाय बधिर होतो, आधी मुंग्या येतात आणि मग त्याही थांबतात, तसं काहीतरी झालं. त्यांनी पत्र आणि सातही मसुदे जाडजूड शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवले आणि खंड फळीवर सरकवला. त्यानंतर ते वेळेवर कार्यालयात गेले, पाच अंक काढले आणि निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी लोक बोलले, ते त्यांनी दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं समजून ऐकून घेतलं.

निवृत्तीला तीन आठवडे झाले. सोमवारी सकाळी नवी संपादिका घरी आली. तिशीची, भराभर बोलणारी, खांद्यावरची पिशवी न उतरवताच खुर्चीच्या टोकावर बसणारी.

"सर, या अंकात तुमच्यावर अर्धं पान टाकतेय. ही कच्ची प्रत. चुका असतील तर काढा तांबड्या शाईनं, मला सवय आहे."

काकांनी चष्मा लावला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरचा एकही कागद गहाळ झाला नाही.'

"हे कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात. शिपाई तर म्हणाला, काकांच्या टेबलावर धूळसुद्धा तारीखवार बसायची."

काका हसले. हसायचं असतं म्हणून. "बाकी अंकात काय आहे?"

"तेच आपलं. पाणी, कचरा, कुत्र्यांची नोंदणी. आणि हो, बंद केलेल्या बसफेऱ्या. शुक्रवारी त्या निर्णयाला सहा महिने होतात, मग फाइल कायमची बंद. मुदतीत दिलेली हरकत विचारात घ्यायची राहून गेली, असं त्याआधी कुणी दाखवून दिलं तरच पुन्हा उघडते. आणि ते सुद्धा ज्याची हरकत त्यानंच येऊन. तो नियम तुम्हीच छापायचात ना, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात?"

"हो. मीच."

"पण हरकत आलीच नव्हती म्हणा. सुटसुटीत काम," ती उठत म्हणाली. "प्रत बुधवारपर्यंत पाठवा हं, सर."

ती गेल्यावर काका प्रत हातात धरून बसून राहिले. शुक्रवार यायला चार दिवस होते. एकदा वाटलं, चार दिवस असेच बसून काढले तर शुक्रवार आपोआप होऊन जाईल. हा विचार आला याचीही त्यांना लाज वाटली नाही. लाज कुठेतरी आहे, एवढं कळत होतं. खोलीत आहे, पण हाताला लागत नाही, अशी.

दुपारी ताई शब्दकोडं घेऊन बसली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी, रुग्णालयात परिचारिका म्हणून जन्म काढलेली. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. तिला वेळ मिळाला नाही, आणि यांना विचारायचा धीर झाला नाही, असं ती चारचौघांत सांगायची.

"उभा नऊ, पाच अक्षरी," ती पुटपुटली आणि तिनं फळीवरून दुसरा खंड ओढला. त्यातून कागद घसरले आणि जमिनीवर पसरले.

"हे काय रे? प्रेमपत्रं?"

"ताई, दे इकडे."

"थांब. चष्मा आहे माझ्या डोळ्यांवर." तिनं पत्र वाचलं. मग मसुदे एकेक करून वाचले. रुग्णाचा तक्ता वाचावा तसे, चेहऱ्यावर काही न दाखवता. "हिला उत्तर गेलं का?"

"मसुदे केले होते."

"ते दिसतायत. सात. यातलं पोस्टात किती पडलं?"

काकांनी शब्दकोड्याचा कागद टेबलावर सरळ केला.

"आणि बस?"

"बंद झाली. सहा महिने होतील शुक्रवारी."

"आणि ती हरकत अजून इथं, माझ्या शब्दकोड्याच्या पुस्तकात." ताईनं कागद टेबलावर ठेवले. "अरे, तुझं कौतुक केलं म्हणून तू तिचं पत्र घरी आणलंस. नुसती तक्रार केली असती, तर वरच्या मजल्यावर पाठवून मोकळा झाला असतास."

हे त्यांनी सहा महिन्यांत स्वतःला कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"आता सांगितलं तर चौकशी होईल," ते म्हणाले. "त्या अर्ध्या पानाचं काय होईल?"

"त्यानंही काचा पुसू," ताई म्हणाली आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "तिचा नवरा आहे का अजून, ते तरी बघितलंस का?"

मंगळवारी सकाळी ते खाण-रस्त्याच्या थांब्यावर गेले. बसायचा बाक होता, वर पत्रा होता. वेळापत्रकाची चौकट रिकामी होती, चार कोपऱ्यांत चार खिळे तेवढे उरले होते. बाकाशेजारी एक चांभार ऐरणीवर बुटाची टाच ठोकत बसला होता.

"बस नाही यायची," तो न विचारताच म्हणाला. "बसून बसून मुळं फुटतील."

"इथं शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात. त्या..." पुढचा शब्द काकांना सापडेना.

"त्या बुधवारवाल्या? मागच्या गल्लीत, हिरवं फाटक. तुम्ही कोण त्यांचे?"

"कुणी नाही. अजून जातात का त्या, पलीकडे?"

"जातात की. पायी. सात किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. पहिले तीन महिने एक बुधवार चुकवला नाही. दोनदा तळ बदलून दिले मी त्यांच्या बुटांचे. म्हटलं, बाई, तुमच्यामुळं माझं दुकान चालतंय. तर म्हणाल्या, मग अर्धी मजुरी मला द्या." तो हसला आणि मग हातोडी खाली ठेवली. "आता गुडघा गेला. महिन्यातून एकदा जातात, तेही कुणाची गाडी मिळाली तर."

"आणि यजमान?"

"आहेत. पण त्या म्हणत होत्या, आता मान हलवत नाहीत."

काका बाकावर बसले. काहीतरी व्हायला हवं, म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. समोरून एक टेंपो गेला.

"त्या जाताना हातात काही कागद असतो का?" त्यांनी विचारलं.

"ते सरकारी पत्रक? असतं की. पिशवीत. जुने अंकसुद्धा साठवून नेतात." चांभारानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही बसखात्यातले का?"

"नाही," काका म्हणाले. "मी ते पत्रक काढायचो."

"असं? मग त्यात एकदा छापा की, की इथं माणसं राहतात."

हिरवं फाटक सापडलं. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. सरळ शिवण, मग थांबणं, मग पुन्हा सरळ शिवण. काकांनी फाटकाच्या कडीला हात लावला. यंत्र थांबेपर्यंत थांबू, असं त्यांनी ठरवलं. यंत्र थांबलं. मग पुन्हा सुरू होईपर्यंत थांबू, असं ठरवलं. पत्र पिशवीत होतं, बाई दहा पावलांवर होत्या, आणि त्यांच्याच्यानं कडी उघडवेना. शेवटी ते वळले. आपण कोण आहोत हे त्यांना या वयात नव्यानं कळलं नाही. फक्त जे कागदावर जमतं, ते तरी आता करायला हवं होतं.

पोस्टाजवळच्या दुकानात त्यांनी पत्राची आणि पाकिटाची झेरॉक्स काढली. पोस्टात उंच फळीपाशी उभं राहून, दोरीला बांधलेल्या पेनानं आठवा मसुदा लिहिला. तो मसुदा राहिला नाही, पत्रच झालं.

'तुमची हरकत मुदतीत, चौदा तारखेला, कार्यालयात पोचली होती. ती माझ्याकडे राहिली. मी ती पुढे दिली नाही. एकही हरकत आली नाही, हे मी छापलेलं वाक्य खोटं आहे. तुमचं मूळ पत्र आणि शिक्क्याचं पाकीट सोबत आहे. ते आणि ही चिठ्ठी घेऊन शुक्रवारच्या आत दुसऱ्या मजल्यावर वाहतूक विभागात जा आणि फेरविचार मागा. तो त्यांना करावाच लागतो. कागद कुणाकडे होता असं विचारतील. माझी सही दाखवा.'

आभाराचं वाक्यही या वेळी सुचलं. चांगलं सुचलं, सातांपैकी एकाही मसुद्यात नव्हतं असं. ते त्यांनी लिहिलं नाही.

दुसऱ्या पाकिटात संपादिकेसाठी झेरॉक्स आणि कच्ची प्रत घातली. प्रतीतली चौथी ओळ तांबड्या शाईनं खोडलेली होती, आणि समासात लिहिलं होतं, 'चूक. सोबतचा कागद पाहा.'

खिडकीतल्या बाईनं पहिलं पाकीट तोललं. "इथल्या इथंच तर आहे. हातानं का नाही देत, आजोबा?"

"नाही जमत."

"उद्या दुपारी पोचेल."

"उद्या बुधवार ना?"

"बुधवार."

त्यांनी तिकिटं चिकटवली. दारापाशी तांबडी पेटी होती. आधी संपादिकेचं पाकीट टाकलं. मग दुसरं पाकीट फटीत अर्धं सरकवून ते क्षणभर तसेच उभे राहिले. सुटल्यासारखं वाटेल, अशी त्यांची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. उजव्या पायाला तेवढ्या मुंग्या येत होत्या, बराच वेळ फळीपाशी उभं राहिल्यामुळे असेल. त्यांनी बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.