आईच्या कानाचा साचा

लेक सिलिकोनचे कान बनवायची. कुणाचा भाजलेला, कुणाचा अपघातात गेलेला, कुणाचा जन्मतःच नसलेला. गाठीपायी बाबांचा उजवा कान काढावा लागला, तेव्हा त्यांच्या डाव्या कानावरून उलटा साचा करायचा, हीच कामाची रीत. पण शिकत असताना घेतलेला आईच्या उजव्या कानाचा साचा कपाटात होता, आणि आईला जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. लेकीचा जीव त्यात अडकला. तिनं बाबांना आईचाच कान बसवला.

बाबा आरशात बघून म्हणाले, जन्मभर माझा कान धरला हिनं, आता घेऊनच टाकला.

आठवड्याभरात ते सांगू लागले, छतावर कुणीतरी चालतंय. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. त्यावर नुसती गच्ची, आणि तिथं जायला मागच्या खोलीत छताला झाकण. लेकीनं समजावलं, कानाच्या घड्यांवर आपटून आवाज आत जातो, त्यावरून मेंदू वरचं-खालचं ओळखतो. घड्या परक्या, म्हणून खालच्या बिऱ्हाडातली पावलं तुम्हाला वर वाटतात. दोन-चार आठवड्यांत सवय होईल.

आठवडे गेले, पावलं गेली नाहीत. बाबांचा घास हातातच राहायचा, नजर वर. एका दुपारी ती लवकर घरी आली तर झाकण सताड उघडं, त्याला शिडी लावलेली, आणि सत्तरी उलटलेले बाबा पायरीवर हात ठेवून उभे. डाव्या कानावरून तिनं घाईघाईनं नवा कान केला आणि जुना मागितला.

बाबांनी वाद घातला नाही. आधी तू ऐक म्हणाले, मग ने.

तिनं त्याच साच्यातून पातळ खोळ काढली, आपल्या उजव्या कानावर चढवली, डाव्यात कापूस घातला. नळाचा थेंब कपाळावर पडल्यासारखा ऐकू आला. स्वतःच्याच चपला छताला फटफटल्या. तिला हसू आलं. खालच्या बिऱ्हाडातल्या नर्सबाईंची पावलंही डोक्यावरून गेली. अगदी तिनं सांगितलं होतं तसंच.

मग खालचं दार लागलं, कुलूप वाजलं. खिडकीतून तिनं बघितलं, नर्सबाई पिशवी घेऊन रस्त्याला लागल्या होत्या.

पावलं थांबली नव्हती.

एक पाऊल भरून पडत होतं, दुसरं जरा घासत. गुडघा धरल्यापासून आई अशीच चालायची. लेकीनं खोळ काढली, सगळं चिडीचूप. चढवली, पुन्हा पाऊल, पुन्हा घासणं. ते मागच्या खोलीवर आलं, झाकणाशी थबकलं. झाकण पुन्हा उघडं होतं, खाली शिडी लावलेली; चौकोनात नुसतं आभाळ होतं.

लेकीनं धावत जाऊन शिडीला हात घातला.

"काढू नकोस गं," बाबा मागून हळूच म्हणाले. "मी कुठं वर चाललोय? तिला खाली यायचंय. गुडघ्यापायी अडलीय बिचारी."

लेक खोळ काढणार होती, हात कानापर्यंत गेलाही होता.

वरची पायरी करकरली.

तिनं हात खाली घेतला आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.