सियांग कोणती नदी?

पेणच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून माधवराव निवृत्त झाले, त्यालाही बारा वर्षं होऊन गेली होती. पत्नी लतिकाबाई गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. त्यामुळे जवळच्या कासू गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या हौसाने एक दिवस पायरीवर टोपली टेकवून, "गुरुजी, सियांग ही कोनची नदी वो? माझा नितेश तिथं पुलाच्या कामावर गेलाय," असं विचारलं, तेव्हा त्यांना पुन्हा वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं.

त्यांनी नकाशा पसरला. "ही कैलासाकडच्या हिमनद्यांतून निघते. तिबेटात तिला त्सांगपो म्हणतात. डोंगराला वळसा घालून आपल्या हद्दीत आली की सियांग, आसामात ब्रह्मपुत्रा, पुढे बांगलादेशात जमुना. पाणी तेच, मुलूख बदलला की नाव बदलतं."

हौसाचा चेहरा उतरला. "म्हंजी टीवीवर पूर दावतात ती हीच? मी म्हनत व्हते, नितेशची नदी येगळी हाय."

"पूर खाली आसामात आहे. नितेश वर डोंगरात."

"पानी वरनंच येतं ना, गुरुजी?"

नागोठण्यात आंबा नदीचा पूर पाहिलेल्या बाईला काय सांगणार? माधवरावांनी तिच्याकडून नितेशचा नंबर मागून घेतला.

नितेशचा फोन लागेना. तीन दिवस टोपली रिकामी झाली की हौसा येऊन बसे आणि माधवराव नंबर लावत. मधल्या वेळात ती लेकाच्या खोड्या सांगे. एकदा त्यांच्यासाठी पिठलंही करून गेली. चौथ्या दिवशी नंबर लावताना माधवरावांच्या मनात आलं, आजही नाही लागला तर बरं. स्वतःचीच त्यांना शरम वाटली.

फोन लागला. दरड कोसळून टॉवर बंद पडला होता. नितेश सुखरूप होता. हौसा आधी रडली, मग त्याच्यावर डाफरली.

निघताना म्हणाली, "तुमचा अनय कॅनडात ना? त्याच्या घराजवळ कोनची नदी?"

"कधी विचारलं नाही."

"मंग इचारा की!"

दुसऱ्या दिवसापासून ती पायरीवरूनच मेथीची जुडी देऊन पुढे जाऊ लागली.

रविवारी अनयचा फोन आला तेव्हा माधवरावांनी विचारलं.

"आहे एक, बाबा," तो म्हणाला. "नाव बघून सांगतो."

अजून त्याने सांगितलेलं नाही.