जनाबाईच्या घरातून गेलेला ओहोळ

वल्लरीला एवढंसुद्धा वळण नसावं? चार महिने ही ठाण्यातल्या नौपाड्याची पोरगी कोपरच्या खाडीकाठी येत होती. जनाबाईकडे चहा प्यायची, सुकटीची चटणी मागून खायची. "आजी, पूर्वी पाणी कुठून वाहायचं?" असं गोड विचारायची, वहीत लिहून घ्यायची. लिहिलेलं एकदा तरी वाचून दाखवावं? छे! सरळ भिंतीवर रंगवून मोकळी.

म्हावरं सुकवायच्या मैदानाच्या भिंतीवर तिच्या माणसांनी अख्ख्या गावाचा नकाशा काढला होता. होड्या, तिवरं, नावांसकट घरं, आणि जुनं पाणी निळ्या रंगात. गावातल्या बायकांची सुकी मासळी पाकिटं करून ठाण्यात विकणारी संस्थाही हिचीच, म्हणून बायका भरवशाने बोलल्या होत्या. जनाबाई सगळ्यांत जास्त. "आमच्या ह्यांनी तीन वर्षं होडीतून डबर आणून ओहोळ बुजवला न् वर घर बांधलं! खाडीला मागं सारली!" असं छाती काढून सांगितलं होतं.

आज नात दक्षता भिंतीपुढे उभी राहून म्हणाली, "आजी, ही निळी रेघ आपल्या घरातून गेलीय गं. आणि आत्ता पालिकेचे साहेब येणारेत बघायला."

ओहोळावरचं घर म्हणजे पाडायचं घर, एवढं कळायला शाळा लागत नाही. पलीकडच्या वस्तीत जेसीबी आला तेव्हा हौसाबाई मांडीवर देव घेऊन रस्त्यावर बसली होती, ते जनाबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिने भिंतीपाशी उरलेली चुन्याची बादली उचलली. रेघेवर घाईघाईने ब्रश ओढला, तर चुना भिंतीपेक्षा लुगड्यावरच जास्त सांडला. एवढ्यात गाडीचं दार वाजलं. तिने बादली पाठीमागे लपवली.

साहेबांनी बरोबर तिच्याच घरावर बोट ठेवलं. "उधाणाचं पाणी जायला रस्त्याखालून मोठी मोरी हवी म्हणता. ओहोळ नक्की इथूनच होता? मग हे घर कोणाचं?"

तोवर गावातल्या बायकाही भिंतीशी जमल्या होत्या. साहेबांबरोबर आलेल्या वल्लरीने चुन्याने भरलेलं लुगडं पाहिलं, जनाबाईचा पांढराफटक चेहरा पाहिला.

"सर, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत," ती हळूच म्हणाली. "चूक होऊ शकते."

"मग अंदाजाने मोरी कुठे टाकू मी?" साहेबांनी फाइल मिटली.

जनाबाई सुटली होती. तिने श्वास सोडला आणि नेमकी शेजारची बायजा दिसली. दर उधाणाला बायजाच्या घरात गुडघाभर पाणी शिरायचं. ओहोळ बुजल्यापासून पाणी तिकडे वळलं होतं. एकवीस वर्षांत बायजाने ते एकदाही ऐकवलं नव्हतं. आताही ती नुसती पायाकडे बघत राहिली.

"साहेब!" जनाबाई पुढे झाली. "ते घर माझं हाय. ओहोळ तिथूनच व्हता. आम्हीच बुजवला."

साहेबांनी फाइल उघडली, काहीतरी लिहिलं. "सोमवारी मोजणीला येतो. घराचं आत्ताच काही सांगता येणार नाही."

गाडी गेली. जनाबाई भिंतीला टेकली.

"आजी, मी तुम्हाला वाचवत होते हो," वल्लरी रडवेली झाली.

"वाचवत व्हतीस?" जनाबाई म्हणाली. "मना न विचारता माझी आठवण भिंतीवर चढवलीस, न् मना न विचारताच खोटी पाडलीस. चार बुकं जास्त शिकलीस म्हणून माझं खरं काय न् खोटं काय ते तू ठरवणार? मना भ्या वाटतंय. लई वाटतंय, सोमवारपातूर डोळ्याला डोळा लागायचा नाय. पण भ्यायचं का नाय ते माझं मी बघीन. तू वाईट नाय गं, अर्धवट हायस. सोमवारी लवकर ये. मोजणीची फीत घरात शिरंल तवा मी एकटी उभी राहणार नाय."